ब्रेकअपचे पाच दिवस : फेअरबँक्स, नेनाना आणि परत

पहिला दिवस, २६ एप्रिल

सिअ‍ॅटलहून फेअरबँक्सला विमानाने पावणेचार तास लागतात, त्यातला शेवटचा तासभर मी खिडकीला कपाळ टेकवून बसले होते कारण खाली नद्या दिसत होत्या आणि सगळ्या पांढऱ्या. म्हणजे नदी आहे हे फक्त वळणांवरून कळतं, पाणी कुठंच नाही. पण काठाकाठाने एक बारीक काळी रेघ, काजळाचं बोट ओढल्यासारखी. ताईने फोनवर आधीच सांगितलेलं, ती रेघ बघ येताना, बर्फ काठापासून सुटायला लागलाय.

ताई म्हणजे माझी मावसबहीण, आम्ही दोघी कोल्हापूरच्या, ती अकरा वर्षं झाली अलास्कात आहे, भावोजी तिथल्या युनिव्हर्सिटीत. एअरपोर्टवर लांबूनच ओरडली, "आलो आलो, थांब तिथंच!" अकरा वर्षं झाली तरी ती 'मी आलो' 'मी गेलो'च म्हणते, आमच्याकडच्या बायका म्हणतात तसं, आणि ते ऐकून माझं निम्मं ओझं तिथंच उतरलं. गाडीजवळ गेले तर बॉनेटमधून एक वायर बाहेर आलेली आणि तिला प्लग. मला वाटलं काहीतरी तुटलंय. तर म्हणे इथं सगळ्याच गाड्यांना असतो, हिवाळ्यात उणे ३०, उणे ४० झालं की रात्रभर इंजिन गरम ठेवावं लागतं, ऑफिसच्या पार्किंगमध्येसुद्धा प्रत्येक गाडीला प्लग पॉइंट.

आता मी का गेले ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अलास्कात 'ब्रेकअप' हा सीझन आहे. हिवाळा आणि उन्हाळा यांच्या मधले ते तीन-चार आठवडे, नद्यांवरचा बर्फ फुटून वाहून जातो तो काळ, त्याला सगळे ब्रेकअप म्हणतात, जसं आपण 'पावसाळ्यात' म्हणतो तसं 'ब्रेकअपमध्ये' म्हणतात. आणि फेअरबँक्सपासून ५५ मैलांवर नेनाना नावाचं छोटं गाव आहे, तिथं तनाना नदीवरचा बर्फ नेमका कुठल्या दिवशी, कुठल्या तासाला, कुठल्या मिनिटाला सुटणार यावर १९१७ पासून पैज लागते. ताई दरवर्षी तिकीट घेते, अडीच-तीन डॉलरचं असतं. फेब्रुवारीत तिने व्हिडिओ कॉल केला, आम्ही दोघंही कॉलवर होतो, मी सिअ‍ॅटलला आणि तो ऑस्टिनला, आणि ताई म्हणाली चला तुमच्या दोघांच्या तारखा सांगा, लग्नाचा खर्च निघाला तर बघू. त्याने तिथल्या तिथं शोधून काढलं की १९१७ साली पहिल्यांदा बर्फ सुटला तो ३० एप्रिलला, म्हणून त्याने ३० एप्रिल सांगितली, दुपारी ४ वाजून १५ मिनिटं. तो असाच आहे, कारण असल्याशिवाय काही निवडत नाही. मी ६ मे सांगितली, तोंडाला आली म्हणून. ताईने दोन्ही तिकिटं भरली.

मार्चच्या मध्यात मी त्याला सांगितलं की मला हे लग्न नाही करायचं. सहा वर्षांचं होतं. डिसेंबरसाठी कोल्हापुरात हॉल बुक होता, आईने साड्या बघायला सुरुवात केलेली.

रात्री साडेनऊ वाजले तरी बाहेर लख्ख उजेड. ताईने खिडक्यांना जाड काळे पडदे लावलेत, ते ओढले आणि म्हणाली झोप आता, उद्यापासून चिखल बघायचाय.

दुसरा दिवस, २७ एप्रिल

खरंच चिखल. फेअरबँक्स हे शहर एप्रिलच्या शेवटी बघायला कोणी येत नाही आणि का येत नाही ते कळलं, सगळीकडे राखाडी बर्फाचे ढीग, खड्ड्यात पाणी, हिवाळाभर रस्त्यावर टाकलेली खडी आता धूळ होऊन उडतेय. नॉर्दर्न लाइट्सचा सीझन संपला, हिरवळ अजून दोन आठवडे लांब. पण मला ते आवडलं. कुठलंच शहर आपल्याला दाखवायला म्हणून सजलेलं नसेल तर त्याच्याशी बोलता येतं असं मला वाटतं.

माझे स्पोर्ट्स शूज दहा मिनिटांत भिजले म्हणून रबरी बूट घ्यायला गेलो, इथं त्यांना 'ब्रेकअप बूट'च म्हणतात. काउंटरवरची बाई साठीची असेल, बूट स्कॅन करता करता सहज म्हणाली, "यंदाचं ब्रेकअप लांबलं ना? कसं चाललंय तुझं?" तिला बर्फाबद्दलच विचारायचं होतं, म्हणजे माझ्या अंगणातलं पाणी, माझा रस्ता वगैरे, मला ते माहीत होतं, तरी माझे डोळे भरून आले. दीड महिन्यात हे मला एवढ्या साध्या आवाजात कोणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं हळूहळू चाललंय. ती म्हणाली, "हळूहळू झालेलं चांगलं, पूर येत नाही."

हे तिचं वाक्य दिवसभर डोक्यात राहिलं आणि संध्याकाळी भावोजींनी ते नीट समजावून सांगितलं. बर्फ जायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे ऊन दिवसेंदिवस वाढतं, वरचा पांढरा स्नो वितळतो, खालचा बर्फ काळपट पडतो, काळा पडला की तो ऊन जास्त ओढून घेतो, खालून वाहतं पाणी घासत राहतं, आणि बर्फ जागच्या जागी कुजतो. ते 'कुजतो' हाच शब्द वापरतात. मग तो फुटताना जोर नसतो. दुसरी तऱ्हा म्हणजे थंडी लांबते, बर्फ जाड आणि टणक तसाच राहतो आणि मग एकदम ऊन तापून वरच्या अंगाला डोंगरातला बर्फ वितळतो, पाण्याचा लोंढा येतो आणि तो टणक बर्फ खालून उचलून फोडतो. मग मोठमोठे तुकडे वळणावर अडकून धरण होतं आणि मागे पूर. २००९ च्या मे महिन्यात युकॉन नदीवरच्या ईगल गावात असंच झालं, बर्फाच्या लाद्या गावात घुसून घरं ढकलून नेली. २०१३ मध्ये गलिना गावात पण, जवळजवळ अख्खं गाव विमानांनी हलवावं लागलं. त्यामुळे दर वसंतात हवामान खात्याची माणसं छोट्या विमानातून नदीवरून फिरत राहतात, बर्फ कुठं अडकलाय बघायला.

भावोजी हे सगळं रश्श्याचं भांडं ढवळता ढवळता सांगत होते. शेजाऱ्याने मूसचं मटण दिलेलं (मूस म्हणजे इथलं घोड्याएवढं मोठं हरीण), सप्टेंबरात शिकार केलेलं, डीप फ्रीजमधलं, आणि ताईने त्याला आईने पाठवलेला कांदा लसूण मसाला लावून तांबडा रस्सा केला होता. मूसला बकऱ्यापेक्षा डबल वेळ लागतो शिजायला पण चव, काय सांगू.

त्याआधी दुपारी एक गोष्ट झाली ती लिहून ठेवते. ताईच्या मागच्या अंगणातला बर्फ रोज थोडा मागे सरकतोय आणि त्यातून ऑक्टोबरपासूनच्या वस्तू बाहेर येतायत, एक हातमोजा, कपडे वाळत घालायचे चिमटे, भाच्याचा बॉल. मी पायरीवर चहा घेऊन बसले होते तर बर्फाच्या कडेला काहीतरी चमकलं. जाऊन बघितलं तर स्टीलची वाटी, अर्धी बर्फात, अर्धी बाहेर. ओढून काढली, आतल्या बर्फाचा पण वाटीच्या आकाराचा गोळा झालेला, तो उलटा करून ठोकला तर टपकन पडला. बुडाशी आज्जीचं नाव, टाचणीने ठोकून ठोकून कोरतात ना भांड्यांच्या दुकानात, तसं ठिपक्याठिपक्यांचं, खाली साल १९७८. ताई सहा महिने ती वाटी शोधत होती, भाच्याने पक्ष्यांना दाणे घालायला नेलेली असणार. तिने ती पदराने पुसावी तशी टीशर्टने पुसली आणि काही न बोलता आत नेली. रात्री माझ्या ताटात तीच होती.

तिसरा दिवस, २८ एप्रिल

नेनाना. सकाळी दहाला निघालो, ताई, भाचा आणि मी. रस्ता लाटालाटांचा आहे कारण खाली पर्माफ्रॉस्ट, कायमची गोठलेली जमीन, ती कुठं वितळते कुठं नाही त्यामुळे डांबर वरखाली होतं. दोन्ही बाजूला बर्च आणि स्प्रूसची झाडं, बर्चवर अजून एक पान नाही. तासाभरात टेकड्या उतरून खाली आलो आणि पूल ओलांडता ओलांडता डावी-उजवीकडे तनाना दिसली.

गाव म्हणजे दोन-चार रस्ते. अथाबास्कन या इथल्या मूळ लोकांची जुनी वस्ती, दोन नद्यांच्या संगमावर, नेनाना नदी इथंच तनानाला मिळते. एक जुनं रेल्वे स्टेशन आहे, १९२३ च्या जुलैत अध्यक्ष हार्डिंग यांनी अलास्का रेल्वे पूर्ण झाल्याचा सोन्याचा खिळा याच गावात ठोकला. आणि १९२५ च्या जानेवारीत घटसर्पावरचं औषध घेऊन रेल्वे इथपर्यंत आली, पुढं पश्चिम किनाऱ्यावरच्या नोम गावाकडे रेल्वेच नव्हती, म्हणून इथून कुत्र्यांच्या गाड्या निघाल्या, २० जणांनी एकाकडून दुसऱ्याकडे देत ६७४ मैल साडेपाच दिवसांत नोमपर्यंत पोचवलं. गोठलेली नदी हाच तेव्हा रस्ता होता. म्हणजे आपण 'बर्फ गेला, बरं झालं' म्हणतो पण इथल्यांसाठी बर्फ जाणं म्हणजे रस्ता जाणं पण आहे.

स्टेशनच्या मागे नदीकाठ. आणि तिथं तो उभा होता. ट्रायपॉड म्हणतात पण पाय चार, काळा-पांढरा रंगवलेला लाकडी सांगाडा, दोन-अडीच मजले उंच, नदीच्या आत बर्फात रोवलेला. मार्चच्या सुरुवातीला गाव जमतं आणि तो उभा करतं. त्याच्यापासून एक तार काठावरच्या घड्याळापर्यंत येते. बर्फ सुटला आणि ट्रायपॉड १०० फूट सरकला की घड्याळ बंद पडतं. ते जे मिनिट, ते मिनिट. बाकी कशावर वाद नाही.

१९१७ साली इथं रेल्वे बांधणारे इंजिनिअर लोक हिवाळ्यात काम नाही म्हणून कंटाळले आणि आपापसात पैज लावली, ८०० डॉलर जमले. आता अख्खा अलास्का तिकिटं घेतो, २०१४ साली बक्षीस साडेतीन लाख डॉलरच्या वर गेलं होतं. आणि ते शंभर वर्षांचं रजिस्टर तसंच्या तसं आहे, तारीख, तास, मिनिट. सगळ्यात उशिरा २० मे, १९६४ ला आणि परत २०१३ ला. सगळ्यात लवकर १४ एप्रिल, २०१९ ला, रात्री १२ वाजून २१ मिनिटांनी. २००१ साली 'सायन्स' या नियतकालिकात दोन शास्त्रज्ञांनी या पैजेच्या रजिस्टरवरूनच दाखवलं की १९१७ च्या मानाने बर्फ सरासरी साडेपाच दिवस आधी सुटतोय. कोणी हवामान मोजायला बसलं नव्हतं, पैसे लावले होते म्हणून मिनिटामिनिटाची नोंद अचूक राहिली.

मी काठावरच्या ओंडक्यावर बसले आणि मला कोल्हापूर आठवलं. जुलैत पाऊस लागला की आमच्याकडे घराघरात एकच विषय, पंचगंगा किती. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आम्हाला शाळेत कोणी शिकवलेलं नाही, पाण्याबरोबरच येतं. २०१९ ला ५५ फुटांच्या वर गेलेली, तेव्हा मी इथून रात्ररात्र जागून आकडे बघत होते. शिवाजी पुलाशी पाणी ठरलेल्या खुणेला लागलं की म्हातारी माणसं म्हणतात 'मच्छिंद्री झाली'. झाली म्हणजे झाली. पूर आला की नाही यावर मग चर्चा नाही.

मार्चपासून मला जो तो हेच विचारतोय. नेमकं कधी बिनसलं? आत्याने विचारलं, त्याच्या आईने फोन करून विचारलं, अगदी रडत विचारलं, बाळ, काही झालं का, कोणी काही बोललं का, कधी झालं. माझ्याकडे तारीख नाही. मला एवढंच सांगता येतं की फेब्रुवारीच्या शेवटी माझी अक्कलदाढ काढली, गाल सुजला होता, दोन दिवस भातावरचं पाणी पीत होते, आणि त्याला ते चौथ्या दिवशी कळलं, बोलता बोलता. तो म्हणाला, "अच्छा? बोलली नाहीस." मी म्हटलं राहून गेलं. आणि मग तो त्याच्या डिशवॉशरबद्दल सांगायला लागला. दोघांनाही वाईट वाटलं नाही. फोन ठेवल्यावर मला त्याचीच भीती वाटली, की वाईट वाटलं नाही. पण तेव्हा झालं का? नाही, तेव्हा कळलं. त्याच्या किती आधी आमच्या पायाखालचं पातळ होत आलेलं ते मी नाही सांगू शकत, आणि त्याच्या आईला तर हे कसं सांगू की दाढेमुळे.

ताईला मी हे तिथं बसून पहिल्यांदा सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तू १०० फूट सरकलास तेव्हा सांगितलंस. तेवढंच लोकांना दिसतं. त्याच्या आधीचं तुझं तुझ्यापाशी ठेव, सगळ्यांना मोजून द्यायची गरज नाही."

काठावर एक म्हातारे गृहस्थ रोज येतात म्हणे, ते आले. त्यांनी ताईला ओळखलं. मी विचारलं बर्फावरून चालता येईल का अजून, दिसायला तर जाड दिसतोय. ते हसले नाहीत. म्हणाले, दोन आठवड्यांपूर्वी मी स्नोमशीन, म्हणजे बर्फावरची मोटारगाडी, घेऊन पलीकडे गेलो होतो, आता जाणार नाही, आणि होडी घालायला अजून दोन आठवडे. मी विचारलं मग मधे काय करता. ते म्हणाले, "मधे या बाजूला राहतो."

हे मला फार महत्त्वाचं वाटलं. अलास्कात कितीतरी गावांना रस्ताच नाही, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाड्या जातात, खाली बेथेल गावाजवळ तर कस्कोक्विम नदीवर बर्फ नांगरून मैलोन्‌मैल रस्ता करतात, आणि उन्हाळ्यात होड्या. पण ब्रेकअपमध्ये दोन्ही नाही. पलीकडे सख्खा भाऊ राहत असला तरी नाही. आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, कोणी धाडस दाखवायला जात नाही, नदीला कोणी दोष देत नाही. आमच्याकडे दीड महिना नाही झाला तर आई म्हणते दुसरं स्थळ बघूया का आणि मैत्रिणी म्हणतात एकदा परत बोलून बघ. एकीला मला होडीत बसवायचंय, बाकीच्यांना बर्फावरून परत पाठवायचंय. मला कोणीतरी 'सध्या या बाजूला राहा' म्हणणारं हवं होतं.

निघताना मी ट्रायपॉडचा फोटो काढला. त्याच्या पायाशी पाणी साचलेलं, निळं-काळं, आणि त्यात तो उलटा दिसत होता. भाचा म्हणाला मावशी तो वाकलाय. मला नाही वाटलं वाकलाय.

चौथा दिवस, २९ एप्रिल

सकाळी क्रीमर्स फील्ड. जुनी डेअरी होती, आता पक्ष्यांसाठी राखलेलं माळरान आहे, शहराच्या मधोमध. दक्षिणेकडून गीज, म्हणजे रानहंस, उतरतात आणि पाठोपाठ करकोचे. करकोचे आम्हाला चारच दिसले पण आवाज असा की पोटात घुमतो. फार थांबलो नाही, वारा गार होता.

मग चीना हॉट स्प्रिंग्जच्या रस्त्याला लागलो. साधारण ६० मैल, पुढचा बराचसा रस्ता चीना नदीच्या बाजूने. गरम पाण्याच्या कुंडात बसणं वगैरे झालं, छान होतं, पण मला सांगायचंय ते वाटेतलं. शहरात चीना आधीच मोकळी झालेली, तिथं वीजकेंद्राचं कोमट पाणी सुटतं म्हणून ती हिवाळ्यात पण काही भागात गोठत नाही. पण वर डोंगराकडे ती अजून अर्धी बांधलेली होती. एका पुलापाशी गाडी थांबवून खाली उतरलो. काठावर बर्फाच्या लाद्या पाण्याने ढकलून वर आणून ठेवलेल्या, एकेक आपल्या जेवणाच्या टेबलाएवढी, हातभर जाड. मी एकीवर हात ठेवला आणि थोडंसं ढकललं. ती फुटली नाही, सुटली. म्हणजे अख्खी लादी उभ्या उभ्या काड्यांची होऊन सांडली, पेन्सिलीएवढ्या लांब, काचेसारख्या स्वच्छ काड्या, हजारो. ताई म्हणाली याला कँडल आइस म्हणतात, ऊन आत शिरून बर्फाच्या कणाकणांमधले सांधे आधी सुटतात, बाहेरून लादी तशीच दिसते.

आणि आवाज. मी डोळे मिटले असते तर म्हणाले असते कोणीतरी काचेच्या बांगड्या भरायला बसलंय. कासाराकडे तो हातात घोळका घेऊन एकेक निवडतो ना, तसा किणकिण आवाज, काड्या एकमेकींवर पडतायत आणि घसरून पाण्यात जातायत. आम्ही दोघी एकदम एकमेकींकडे बघितलं. आज्जीच्या घरात बांगडी फुटली असं म्हणायची चोरी होती, 'वाढवली' म्हणायचं. नारळ पण वाढवायचा. मंगळसूत्र तुटलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. आणि लग्नाला मात्र सरळ मोडलं म्हणतात, काडी मोडावी तसं. माझ्या बाबतीत आईने सगळ्यांना फोनवर हाच शब्द सांगितला, लग्न मोडलं, आणि दरवेळी सांगताना तिचा आवाज खाली जातो, मला ऐकू येतं.

मी तिथं बसून ओंजळभर काड्या हातात घेतल्या. बोटं बधिर झाली तरी सोडवेनात. हातातच त्यांचं पाणी झालं, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, जॅकेटची बाही भिजली.

तेवढ्यात भाचा ओरडला. पुलाच्या वरच्या अंगाला जो अखंड पट्टा होता, पांढरा-राखाडी, साधारण एखाद्या एसटी स्टँडच्या आवाराएवढा, तो चालायला लागला. मला वाटलेलं कडकड होईल, धडाका होईल. काही नाही. आधी अख्खाच्या अख्खा सरकला, इतका हळू की मला वाटलं पूल सरकतोय, मी कठड्याला धरलं. मग मधे एक रेघ पडली, ती रुंदावली, मग एक कोपरा काठाला लागून वर चढला आणि सूं करून आवाज आला, साखरेच्या पोत्यातून साखर ओतावी तसा, बराच वेळ. तुकडे गोल गोल फिरत पुलाखालून गेले. पंधरा-वीस मिनिटं चाललं असेल. मग नुसतं पाणी. तपकिरी, गढूळ, भरधाव पाणी, आणि ते तिथं पूर्ण वेळ होतंच.

ताईने घड्याळ बघितलं, सवयीने. म्हणाली, "२ वाजून ४० मिनिटं." कुठं लिहून ठेवायचं नव्हतं. मी मोबाइलमध्ये लिहून ठेवलं तरी.

रात्री मी त्याच्या आईला फोन केला. कोल्हापूर-सांगलीकडे सकाळ होती. मी आधी फक्त तब्येत विचारली, त्यांनी पण नीट सांगितली, गुडघ्याचं वगैरे. मग मी म्हटलं, काकू, तुम्ही विचारलेलं कधी झालं म्हणून. मला खरंच तारीख नाही सांगता येत. कोणी काही बोललं नाही, कोणी काही केलं नाही, तो चांगला आहे. आम्ही दोघंही हळूहळू सुटत गेलो आणि मी आधी बोलले एवढंच. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मला कुकरची शिट्टी ऐकू आली. मग म्हणाल्या, "जेवलीस का?"

पाचवा दिवस, ३० एप्रिल

अडीचचं विमान. ताईने डब्यात चपात्या आणि मटकीची उसळ दिली, मोड इथं तीन दिवसांनी येतात म्हणे, हीटरजवळ ठेवून. आणि पाकिटातून दोन कागद काढून दिले, तिकिटांचे अर्धे भाग, एक माझा एक त्याचा, दोन्ही तिच्याच अक्षरात. म्हणाली हे तुझ्याकडे असू देत, लागलं तर वाटून घ्या.

आज त्याची तारीख. तिकिटावर जी वेळ लिहितात ती कायम स्टँडर्ड टाइममध्ये धरतात, उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढं असतात, म्हणजे त्याचं ४:१५ हे आपल्या मनगटावर सव्वापाच. सव्वापाचला मी विमानात होते. खाली किनारा होता, ढग होते, काही दिसत नव्हतं. वायफाय घेतलं नाही. मुठीत ते दोन कागद धरून बसले होते, आणि खरं सांगते, त्या मिनिटाला मला मनापासून वाटत होतं की सुटावा बर्फ, त्याचं बरोबर यावं. त्याने शोधून, कारण देऊन निवडलेलं काहीतरी एकदा बरोबर यावं.

सिअ‍ॅटलला उतरले तेव्हा सात वाजून गेलेले. फोन चालू केला तर ताईने कॅमेऱ्यावरचा फोटो पाठवलेला, नेनानाचा, संध्याकाळचा. पाणी काठाला अजून रुंद झालंय. ट्रायपॉड उभा.

बॅगेच्या पट्ट्याशी उभी राहून मी त्याला मार्चनंतर पहिला मेसेज केला. "तुझी वेळ गेली. अजून उभा आहे."

लगेच उत्तर आलं. "माहितेय. कॅमेऱ्यावर बघत बसलो होतो." मग एक मिनिटाने, "तुझी ६ ना?"

मी लिहिलं, "हो, ६."

माझी बॅग येऊन पुढं निघून गेली होती. ती परत फिरून येईपर्यंत मी तिथंच थांबले.